माळ्यावरचं चित्र विकण्याआधी

मैत्रिणींनो, घर रंगवायला काढलं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या किंवा जुना वाडा पाडून तिथे इमारत बांधायची ठरली, की माळ्यावरून काय काय खाली येतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पितळेची पातेली वजनावर जातात, पाट-पाळणे कुणीतरी मागून नेतं, पुस्तकं रद्दीत जातात. या सगळ्यात भिंतीशी तोंड करून उभी असते एखादी मोठी फ्रेम. धूळ झटकून पाहावं तर आत एक विचित्र चित्र! डोंगर आहेत, पण ते हवेत तरंगताहेत. रानात नुसतंच एक दार उभं आहे. झाडाला पानांऐवजी भलतंच काही लटकलेलं आहे. "हे कसलं चित्र? ना देवाचं, ना माणसाचं," असं कुणीतरी म्हणतं आणि भंगारवाला निव्वळ लाकडाकडे बघून भाव सांगतो.

त्या क्षणी घरातल्या बाईनं काय करावं, त्यासाठी आजचा हा लेख. सोनं विकताना आपण दोन सराफांकडे जातो, साडी घेताना पदर उलटून पाहतो. मग चित्र तेवढं न पाहताच का द्यायचं? त्यासाठी चित्रकलेची पदवी लागत नाही. स्वच्छ उजेड, एक भिंग, मोजपट्टी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

असलं चित्र काढतात तरी का?

डोळ्यांना दिसतं तसं न काढता स्वप्नात दिसावं तसं काढलेलं जे चित्र असतं, त्याला 'अतिवास्तववादी' म्हणतात. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच लेखकानं १९२४ साली पॅरिसमध्ये या विचाराचा जाहीरनामा काढला. स्वप्नात आपण आजोळच्या अंगणात असतो आणि त्याच अंगणात शाळेची घंटा वाजते. तेव्हा त्यात आपल्याला काहीच खटकत नाही. अशा चित्रांचंही तसंच असतं. त्यातली प्रत्येक वस्तू ओळखीची, पण त्यांची जुळणी मात्र अनोळखी.

या पंथाचा सर्वांत गाजलेला चित्रकार म्हणजे स्पेनचा साल्वादोर दाली. वितळून लोंबणारी घड्याळं तुम्हीही कुठेतरी छापलेली पाहिली असतील. ते त्याचं १९३१ सालचं चित्र. नीट पाहिलं तर तेही एक निसर्गचित्रच आहे. मागे दिसतात ते स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावरचे खरे कडे. आणि हे जगप्रसिद्ध चित्र आहे केवढं? फक्त २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद. म्हणजे साधारण आपल्या जेवणाच्या ताटाएवढं! तेव्हा 'लहान चित्र म्हणजे कमी मोलाचं' हा समज पहिल्याप्रथम मनातून काढून टाका.

दालीचं १९३७ सालचं आणखी एक चित्र आहे. तळ्यात हंस पोहताहेत आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडलंय ते हत्तींचं! याच कल्पनेवरून १९६७ साली त्यानं आपल्या एअर इंडियासाठी एक रक्षापात्र, म्हणजे ॲशट्रे, घडवून दिली. मोबदल्यात काय मागावं? हत्तीचं पिल्लू! एअर इंडियानं बंगळूरहून खरोखरच एक पिल्लू विमानानं रवाना केलं. ॲशट्रे मानाच्या प्रवाशांना भेट म्हणून दिल्या गेल्या. म्हणजे दालीची एखादी वस्तू हिंदुस्थानातल्या एखाद्या कपाटात निघणं अगदीच अशक्य नाही.

पण आपल्या घरांत निघायची ती बहुधा आपल्याच मातीतली चित्रं. १९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. त्यात गोव्याचे सूझा होते, पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते, विदर्भातले गाडे होते. त्या काळापासून आपल्याकडच्या चित्रकारांनी 'दिसतं तसं' काढायचं बंधन झुगारलं. पुढे प्रभाकर बरवे यांनी पान, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात मांडून स्वप्नासारखी चित्रं केली. त्यांचा जन्म १९३६ सालचा, नागावचा. घरांना, यंत्रांना लावतात तो इनॅमल रंग ते कॅनव्हासवर वापरत. तेव्हा 'हा तर पाट्या रंगवायचा रंग' म्हणून कुठल्याही चित्राला नाक मुरडू नका.

आधी चेहरा पाहा

पहिला प्रश्न एकच : हे हातानं काढलेलं आहे की छापलेलं?

चित्र खिडकीजवळ न्या, पण उन्हात नको. भिंग धरून एखादा रंग पाहा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक ठिपके शिस्तीत बसलेले दिसले, तर ते छापील आहे. हातानं काढलेल्या चित्रात कुंचल्याचे फराटे दिसतात, रंगावर रंग चढलेला दिसतो. मग खोलीतला दिवा मालवून बॅटरीचा उजेड एका बाजूनं, भिंतीला घासून जावा तसा पाडा. तैलरंग असेल तर रंगाचे उंचवटे, भेगा, पोपडे लगेच उठून दिसतात.

मात्र इथे एक फसगत होते. जुन्या ओलिओग्राफवर कॅनव्हाससारखी खरखर मुद्दाम उठवलेली असे आणि वरून रोगणही दिलेलं असे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या छापील असल्या तरी जुन्या प्रतींना आज मागणी आहे. म्हणून 'छापील निघालं, टाका' असंही करू नका. हल्ली तर कॅनव्हासवरच संगणकानं छापतात आणि वरून ब्रशनं चकाकी देतात. तिथे उंचवटे असतात, पण ते खालच्या चित्राच्या रेषेशी जुळत नाहीत.

नंतर सही शोधा. बहुधा खालच्या कोपऱ्यात असते, कधी फ्रेमच्या काठाखाली दडलेली असते. सही आणि साल जसं दिसतं तसंच वहीत उतरवून घ्या. मात्र नुसत्या सहीवर भाळू नका. दालीसारख्यानं तर कोऱ्या कागदांवरच सह्या करून ठेवल्या होत्या. १९७४ साली फ्रान्सच्या सरहद्दीवर असे हजारो सही केलेले कोरे कागद घेऊन जाणारी गाडी अडवली गेली होती. सही म्हणजे पुराव्याची सुरुवात, शेवट नव्हे.

मग पाठ पाहा

साडी पारखताना आपण ती उलटी करतो ना? चित्राचंही तसंच आहे. जाणकार माणसं पुढच्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त वेळ देतात.

कॅनव्हास लाकडी चौकटीवर कशानं ठोकलाय ते पाहा. जुन्या कामात बारीक खिळे असतात, अलीकडच्या कामात बहुधा स्टेपलरच्या पिना. लाकडाचा रंग, खिळ्यांचा गंज आणि कापडाचा पिवळेपणा हे तिन्ही एकमेकांना शोभतात का? जुन्या कापडावर कोरं करकरीत लाकूड असेल, तर मधे कुणीतरी हात फिरवलाय हे समजा.

मागे चिठ्ठी असेल तर तिला जपा. प्रदर्शनाचा क्रमांक, फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलीनं लिहिलेली किंमत, यातलं काहीही मोलाचं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. केकू गांधींच्या 'केमोल्ड'नं १९४० च्या दशकात फ्रेमा करायला सुरुवात केली आणि पुढे १९६३ साली त्याच नावाची गॅलरी काढली. अशी नावं मागे दिसली, तर चित्र घाईनं हातावेगळं करू नका.

चिठ्ठीवर तारीख नसली तरी काळ ओळखता येतो, आणि ते आपल्यासारख्या बायकांना फार चांगलं जमतं. किंमत रुपये-आणे-पैमध्ये असेल, तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. पत्त्यात नुसतं 'पुणे २' किंवा 'मुंबई १' असेल आणि सहा आकडी पिनकोड नसेल, तर चिठ्ठी बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची. इंग्रजीत 'पूना' लिहिलेलं असेल, तर तीही जुन्या वळणाचीच खूण. मात्र दुकानदार जुनी छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरतात, हे लक्षात असू द्या. एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या की मग बोलावं.

शेवटचा पुरावा तुमच्याच कपाटात असतो. लग्नाचा आल्बम! बारशाच्या, मुंजीच्या जुन्या फोटोंत माणसांच्या मागची भिंत पाहा. तिथे ते चित्र दिसलं, तर अमुक साली ते या घरात होतं याचा दाखलाच मिळाला. मोठे लिलाववालेसुद्धा असल्या फोटोला मान देतात.

शिरूरच्या वाड्यातलं चित्र

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगते. शिरूरला आमच्या ओळखीच्यांचा जुना वाडा आहे. तो बिल्डरला द्यायचं ठरलं आणि आवराआवर निघाली. माजघराच्या वरच्या अंगाला एक मोठं चित्र कित्येक वर्षं टांगलेलं होतं. घरातले सगळे त्याला 'येडं चित्र' म्हणत. भंगारवाल्यानं सागवानी फ्रेमकडे पाहून सातशे रुपये सांगितले. मी अर्धवेळ का होईना शाळेत शिकवते, म्हणून धाकट्या सूनबाईंनी मला हाक मारली. "वहिनी, देण्याआधी एकदा बघता का?"

मी पाहिलं. सपाट काळी जमीन, मधून एक नदी. अलीकडून रेल्वेचे रूळ येतात, नदी ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर त्यांची होतात नांगराची तासं. शेताच्या मधोमध सिग्नलचा खांब, पण त्याला पालवी फुटलेली. गाडी कुठेच नाही. जमिनीवर आहे फक्त तिची लांबलचक सावली आणि वर धूर. कोपऱ्यात सही, पुढे '५५.

आम्ही दोघींनी चादर पसरून चित्र अलगद पालथं घातलं. मागे पुण्याच्या फ्रेमवाल्याचं लेबल निघालं. पत्ता 'पूना २', पिनकोड नाही. पेन्सिलीनं किंमत लिहिलेली : रु. ३५-८-०. पस्तीस रुपये आठ आणे. म्हणजे १९५७ च्या आधीची. सहीतलं साल आणि लेबल एकमेकांना धरून होतं. मग सूनबाईंनी आल्बम काढला. सासूबाईंच्या लग्नाच्या फोटोत, मांडलेल्या आहेराच्या मागे, हीच फ्रेम उभी!

आजी आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्या पलंगावरून सगळं बघत होत्या. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "आजी, हे कुठलं हो?"

"दौंडचं," त्या म्हणाल्या. "दादा रेल्वेत होता. त्याच्या दोस्तानं, तिथल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलं. मी इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली. लग्न ठरलं शिरूरला. दादा म्हणाला, ताई, शिरूरला गाडी येत नाही, म्हणून ही घेऊन जा."

सूनबाई नुसत्या पाहत राहिल्या. वीस वर्षं त्या या घरात आहेत, त्याच भिंतीखाली रोज भाजी निवडतात. शिरूरला आजही रेल्वे नाही. दौंड मात्र एवढं मोठं जंक्शन. ज्या चित्राला घर येडं म्हणत होतं, त्याचा अर्थ असा सरळ होता आणि तो सांगणारं माणूस घरातच होतं.

किमतीचं काय झालं, तेही सांगते. आम्ही फोटो काढून दोन लिलावसंस्थांना पाठवले. एकीचं उत्तर आलं नाही. दुसरीनं सौजन्यानं कळवलं की, या चित्रकाराची विक्री पूर्वी कुठे नोंदलेली नाही, तेव्हा अंदाज देता येत नाही. पुण्याच्या एका जाणकारानं प्रत्यक्ष पाहिलं. हात शिकलेल्या माणसाचा आहे, काम प्रामाणिक आहे, पण नाव नसल्यामुळे पंधरा-वीस हजार आले तरी पुष्कळ, असं त्यांनी सांगितलं. कोटी नव्हे, लाखही नव्हे. पण सातशेही नव्हे.

खरा प्रश्न त्यानंतर निघाला. थोरला मुलगा म्हणाला, "विकून तिघांत वाटू." दोघे भाऊ आणि दौंडला दिलेली बहीण, असे तिघे. माणूस काही वाईट नाही, हिशेब त्याच्या परीनं सरळच होता. तेव्हा आजी म्हणाल्या, "वाटणी तुमच्या वडिलांच्या मालमत्तेची करा. हे माझं आहे. मला दादानं दिलंय." फोटो समोरच होता. कुणाला काही बोलता आलं नाही. आता ते चित्र नव्या फ्लॅटमध्ये आजींच्या खोलीत आहे. त्यांच्या मागे ते धाकट्या सूनबाईंना द्यायचं, असं त्यांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रात लिहूनही ठेवलंय. "पाठ उलटून बघितलीन ती हिनंच," एवढंच कारण दिलं.

चित्र कोणाचं, हे आधी

आजी बोलल्या ते कायद्यालाही धरून आहे. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर माहेरून-सासरहून बाईला मिळालेली भेट हे तिचं स्त्रीधन. नुसते दागिनेच नव्हेत, भांडी, फर्निचर, चित्र हेही त्यात आलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. सासरच्यांकडे ठेवायला दिलं म्हणून स्त्रीधनावरचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं.

चित्र वडिलांचं स्वतःचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलांची आई हयात असेल, तर तिचाही. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही. वाटणीत जमीन-घर आठवतं, भिंतीवरची फ्रेम विसरली जाते. तेव्हा किंमत विचारायच्या आधी मालकी विचारा. नाहीतर चित्र जातं एकाच्या हातून आणि मनं तुटतात तिघांची.

एका चित्राच्या तीन किमती

"याची किंमत किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. व्यापारी रोख देतो ती एक किंमत, लिलावात येऊ शकेल ती दुसरी आणि विम्यासाठी धरतात ती तिसरी. व्यापाऱ्याची सर्वांत कमी, कारण त्याला त्यातून नफा काढायचा असतो. विम्याची बहुधा सर्वांत जास्त, कारण तसंच दुसरं मिळवायला काय पडेल याचा तो हिशेब. म्हणून विचारताना 'कशासाठीची किंमत' ते आधी सांगा.

किंमत ठरते कशावर? चित्रकाराचं नाव, अस्सलपणाचा पुरावा, साल, आकार, अवस्था आणि ते कुणाकुणाच्या हातून आलं याची साखळी, यांवर. त्यातही काळ फिरला की भाव फिरतो. आपल्या नागपूरकडच्या चित्रकर्त्या बी. प्रभा यांची सहा चित्रं १९५६ साली एअर इंडियानं घेतली, ती दर चित्राला साडेसत्त्याऐंशी रुपयांनी. पुढे त्यांच्या चित्रांची किंमत लाखांत गेली. हुसेन यांचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा' दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं आणि ते कित्येक दशकं नॉर्वेतल्या ऑस्लोच्या रुग्णालयात टांगलेलं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ११८ कोटींच्या आसपास गेलं.

पण मैत्रिणींनो, ही उदाहरणं वाचून हुरळून जाऊ नका. लॉटरीचं तिकीट प्रत्येकाच्या माळ्यावर नसतं. आपल्या गावांत निघणारी बरीचशी चित्रं ड्रॉइंग मास्तरांची, हौशी मंडळींची नाहीतर छापील असतात. एवढंच की, पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

दाखवायचं कुणाला? मुंबईच्या सॅफरनआर्ट, पंडोल्स अशा लिलावसंस्थांना फोटो पाठवून प्राथमिक अंदाज विचारता येतो. पुण्यात अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांतले शिक्षक सही ओळखायला मदत करू शकतात. पुढून एक, मागून एक, सहीचा एक आणि चिठ्ठीचा एक असे चार फोटो काढा. लांबी-रुंदी फ्रेम सोडून सेंटिमीटरमध्ये लिहा. दोन पथ्यं मात्र पाळा. जो किंमत सांगतो, त्यालाच लगेच विकू नका. आणि 'दाखवून आणतो' म्हणणाऱ्याच्या हाती सही-शिक्क्याच्या पावतीशिवाय चित्र देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं चित्र खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगील, रवींद्रनाथ, जामिनी रॉय अशा नऊ कलावंतांची चित्रं तर वय काहीही असो, देशाबाहेर नेता येत नाहीत. शिवाय घरातली जुनी खुर्ची विकली तर कर नाही, पण चित्र विकून झालेला नफा २००७ च्या दुरुस्तीपासून करपात्र धरला जातो. मोठी रक्कम असेल, तर कर सल्लागाराला आधी विचारा.

हे करू नका, हे करा

• ओल्या फडक्यानं पुसू नका. कापलेला बटाटा, पावाचा तुकडा, खोबरेल, रॉकेल, साबण हे घरगुती उपाय चित्रावर चालवू नका. फ्रेमला चालतं ते रंगाला चालत नाही. रंग घट्ट असेल तर कोरड्या, मऊ ब्रशनं अलगद धूळ काढा. पोपडे सुटत असतील, तर तेवढंही नको.

• फाटलं म्हणून मागून चिकटपट्टी किंवा फेव्हिकॉल लावू नका. गावातल्या पेंटरकडून 'जरा उजळून' घेऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रं दुरुस्त करणारं खास केंद्र आहे. निदान सल्ला तरी तिथे विचारावा.

• जुनी फ्रेम बदलायचीच असेल तर टाकू नका, चिठ्ठी तर मुळीच नाही. ती फ्रेमलाच चिकटलेली असते.

• पत्र्याखालच्या माळ्यावर चित्र ठेवू नका. आपल्याकडचा चैत्र-वैशाखाचा तडाखा तुम्ही जाणताच. तापून रंगाला भेगा पडतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. जुनी धुतलेली सुती चादर उत्तम. चित्र उभं ठेवा आणि जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा, म्हणजे वाळवीही लवकर लागणार नाही.

• गॅसच्या वर, देवघराच्या समईसमोर, थेट उन्हात किंवा पावसानं ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका. भिंत आणि फ्रेम यांच्यात बुचाचे दोन तुकडे लावले, की वारा खेळता राहतो.

आणि एक काम मात्र याच आठवड्यात करा. घरात जे काही जुनं चित्र असेल, मग ते आजेसासऱ्यांनी आणलेलं असो की नणंदेनं शाळेत असताना काढलेलं, त्याच्याविषयी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. कुणी काढलं, कुणी दिलं, कुठल्या साली, कुठल्या निमित्तानं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा, खाली तारीख घाला. तो कागद पाकिटात घालून आल्बमच्या कपाटात ठेवा, कॅनव्हासला मात्र चिकटवू नका. लिलाववाल्याला चित्र पुढच्या वर्षीही दाखवता येईल. पण त्याची हकिकत सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच, असं कुणी सांगावं?